कापडाखाली काय दडलंय?

आज अंजनेरीच्या पायथ्याशी दगडाला घासून सायकलच्या डिरेलरचा (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) हँगर, म्हणजे तो अडकवायची पट्टी, वाकला. तो सरळ करून टपरीवर चहा घेताना मी आणि मित्र एकच फोटो मोठा करून बघत बसलो. डाउनहिल, म्हणजे डोंगरउताराच्या शर्यतीतली चाचणीची सायकल, क्रँकजवळचा (पेडलच्या दांड्यांजवळचा) भाग कापडानं झाकलेला.

"गिअरबॉक्सच आहे रे," मित्र म्हणाला. म्हणजे बंद डब्यातले गिअर. मला नाही पटलं. मागचं चाक धरणाऱ्या भागाचा सांधा, म्हणजे पिव्हट, एवढा उंच, म्हणजे धक्क्याला चाक मागं सरकणार, साखळी ताणली जाऊन पेडलला झटका बसणार. तो टाळायला वर साखळीला वळवणारी छोटी चकती, म्हणजे आयडलर पुली, हवीच. तीच झाकली असावी.

होंडानंही आरएन०१ या आपल्या डाउनहिल सायकलच्या गिअरचा डबा असाच जपला होता. तिच्यावर शर्यतपटू ग्रेग मिन्नारनं २००५ चा डाउनहिल वर्ल्ड कप जिंकला, पण ती विक्रीला कधी आलीच नाही. डब्यात होतं काय, तर साखळी आणि डिरेलरच! पण दगडापासून सुरक्षित. अंजनेरीच्या वाटेवर मला तेवढंच हवंय.