थँक्सगिव्हिंगचं टेबल: यंदाची नोंदवही

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

परवा दसरा झाला आणि आज थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबर अखेरीस येणाऱ्या अमेरिकन सणाच्या जेवणाच्या, टेबलाचं काम काढलं. अजून आठ आठवडे आहेत, पण वाफ्यातला झेंडू थांबणार नाही. आमच्या मध्य न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या उत्तरार्धात कधीही दंव गोठतं आणि एका रात्रीत झाडं काळी पडतात. चाळीसेक फुलं लांब देठासकट कापली, पाच-पाचच्या जुड्या बांधल्या आणि गराजमध्ये उलट्या टांगल्या. केशरी रंग वाळल्यावर छान टिकतो, पिवळा फिका पडतो. झेंडू या टेबलावर उपरा नाही. तो मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडचा. भोपळा आणि मकाही तिकडचेच. आपल्या तोरणात तो नंतर आला.

१२ ऑक्टोबर

मागच्या वर्षीची चूक आधी लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा व्हायची नाही. तेव्हा टेबलाच्या मधोमध मोठी रास केली होती: रंगीत कणसं, सात-आठ लहान भोपळे, मेपलची पानं, त्यात उंच मेणबत्त्या. फोटो सुरेख आले. मग जेवण आलं. टर्कीचं ताट, मॅश्ड पोटॅटो, स्टफिंग, बीन्सचं भांडं, ग्रेव्ही, क्रॅनबेरीची चटणी. यातलं काहीच टेबलावर मावेना. भांडी खिडकीच्या कट्ट्यावर गेली आणि दर वेळी कुणीतरी उठून वाढू लागलं. समोरासमोर बसलेल्या दोघींना एकमेकींचं तोंडही दिसत नव्हतं. या जेवणात भांडी हातोहात फिरतात, तीच तर त्यातली मजा. माझ्या सजावटीने ती अडवली, याचं फार वाईट वाटलं.

म्हणून आज टेप घेऊन बसले. टेबल ८४ बाय ४० इंच, माणसं आठ: लांब बाजूंना तीन-तीन, दोन टोकांना एकेक. प्लेट साडेदहा इंचांची आणि कडेपासून एक इंच आत. दोन्हीकडच्या प्लेट वजा केल्या की मधे १७ इंच उरतात. प्लेटच्या पुढे पेल्यासाठी चार-चार इंच सोडले की राहते ९ इंचांची पट्टी. बीन्सचं भांडं १३ बाय ९ चं. म्हणजे मधली जागा सजावटीची नाहीच, ती अन्नाची आहे.

मग सजवायचं कुठे?

१८ ऑक्टोबर

उत्तर आईने दिलं. ती सप्टेंबरपासून इथेच आहे. दिवाळीचा फराळ करता करता मी आकडेमोड सांगत होते, तर म्हणाली, "अगं, मधे कशाला रचायचं? पंगतीत आपण ताटाभोवती रांगोळी काढतो की. महिरप कर ना प्रत्येकाला." रुखवतात ती स्वतः मण्यांच्या महिरपी करायची.

प्लेटच्या पुढची चार इंचांची जागा, पेला सोडला तर, आठही ठिकाणी मोकळीच असते. तिथे पानांची कमान. वाढताना हात वरून जातो, समोरचा दिसतो आणि प्रत्येकाला आपापली सजावट मिळते. इतकी वर्षं पंगतीत बसले आणि हे मला सुचलं नाही!

२६ ऑक्टोबर

पानांचे प्रयोग. मेपलचं पान दिसायला सगळ्यांत देखणं, पण दाबलं नाही तर दोन दिवसांत गुंडाळून जातं आणि दाबलं तर पापडासारखं मोडतं. लाल मेपलची एक फांदी ग्लिसरीनमध्येही ठेवून पाहिली, एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी. दहा दिवसांत काही नाही. पान लाल व्हायला लागलं की देठाशी झाड पाण्याची वाट बंद करत आणतं, मग ते पाणी ओढत नाही. ओकच्या फांद्या मात्र मी महिन्याच्या सुरुवातीला, हिरव्या असतानाच ठेवल्या होत्या. देठाची टोकं हातोडीने ठेचून. त्या आता तपकिरी, मऊ, चामड्यासारख्या झाल्या आहेत. कमानीचा पाया ओकचाच. वर थोडी लाली हवी म्हणून स्वीटगमची चांदणीसारखी पानं वर्तमानपत्रात घालून जाड पुस्तकांखाली ठेवली.

एकॉर्न, म्हणजे ओकची टोपीवाली फळं, गोळा करणाऱ्यांनी एक करावंच: ती ओव्हनमध्ये २०० फॅरनहाइटला तासभर ठेवावीत. आत सोंडकिड्याची अळी असते. मी एकदा तशीच वाडग्यात ठेवली होती, चौथ्या दिवशी अळ्या बाहेर.

९ नोव्हेंबर

पानं नुसती मांडली तर प्लेट उचलताच विस्कटतात. म्हणून पुठ्ठ्याच्या कमानी कापल्या. आतली त्रिज्या पावणेसहा इंच, रुंदी दोन इंच. पहिली पूर्ण अर्धवर्तुळाची केली, तर उजवीकडे पेला बसेना. आता कमान डावीकडे, घड्याळात नऊचा आकडा असतो तिथून सुरू होते आणि दोनच्या आकड्याशी संपते, तिथे पेला. ही एकांगी कमान मला सरळ महिरपीपेक्षा जास्त आवडली. ओकची पानं माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक, मधे तीन एकॉर्न, डाव्या टोकाला झेंडूचं एक फूल. एका कमानीला चाळीस मिनिटं लागतात. चार झाल्या.

कुंपणावर बिटरस्वीटची केशरी फळं लगडली आहेत. मोह होतो, पण ती विषारी आहेत. ताटाशेजारी नकोतच.

टोप्या घातलेले पिलग्रिम (इंग्लंडहून आलेले वसाहतकरी) आणि पिसांचे मुकुट असलेली कागदी चित्रंही मी टेबलावर ठेवत नाही. हा सण ज्या जेवणाशी जोडतात, त्या १६२१ च्या प्लिमथच्या जेवणात वाम्पानोआग, म्हणजे तिथले मूळ निवासी लोक होते. प्लिमथलाच १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी मूळ निवासी शोकदिन पाळतात. त्यांच्या पूर्वजांनी पिकवलेलं मक्याचं कणीस ठेवते, ते पुरेसं आणि खरं वाटतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम. रिकामी भांडी मांडून आठही जागा लावल्या. पांढरं सुती टेबलक्लॉथ, विटकरी नॅपकिन. खणाचा रनर (टेबलावर मधोमध अंथरायची लांब पट्टी) मधून काढून साइडबोर्डवर अंथरला, कारण त्यावर ग्रेव्ही सांडली तर मला सोसणार नाही. मेणबत्त्याही तिकडेच, सुक्या पानांजवळ ज्योत नको. शिवाय बिनवासाच्या, नाहीतर व्हॅनिलाचा वास टर्कीवर चढतो. शेवंतीची कुंडी दाराशी.

मधल्या पट्टीत फक्त एक गोष्ट: चार इंच उंचीच्या तीन बारीक काचेच्या बरण्या, त्यांत पाणी आणि क्रॅनबेरी. आमच्याच राज्यातल्या पाइनलँड्सच्या दलदलीतली. फळात हवेचे चार कप्पे असतात, म्हणून ती वरच तरंगतात आणि पाण्यावर लाल थर दिसतो. सकाळीच भरायच्या, दोन-तीन दिवसांत पाणी गढुळतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सगळी भांडी टेबलावर मावली. एकदाही कुणी उठून कट्ट्यापाशी गेलं नाही. शेजारच्या आजी पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी कमानीवरून बोट फिरवत हे काय म्हणून विचारलं आणि आईने, माझ्या दुभाषेपणाची वाट न बघता, हातवारे करून पंगत समजावली. जाताना आजी आपली कमान पिशवीतून घेऊन गेल्या.

दोन कमानींना ग्रेव्हीचे डाग पडले आणि तूप-लोण्याने पुठ्ठा मऊ झाला. पुढच्या वेळी खाली पातळ कॉर्क लावणार. झेंडू मात्र डावीकडे नको, वाढताना बाहीत अडकला. बिया काढून लिफाफ्यात ठेवल्या आहेत.