पियर ४५ ची पाणबुडी आणि माझगाव डॉकचे मामा

बे एरियातल्या मराठी घरांना दर उन्हाळ्यात एक बिनपगारी नोकरी लागते: गावाकडून आलेल्या पाहुण्यांना सॅन फ्रान्सिस्को दाखवायची. कार्यक्रम ठरलेला. गोल्डन गेटवर धुकं, पियर ३९ वर सी लायनची बोंबाबोंब, आणि मग ‘इथे शाकाहारी काय मिळतं’ ही शोधमोहीम. यंदा मामा-मामी आले होते. मामांची अख्खी हयात माझगाव डॉकमध्ये फिटर म्हणून गेली, त्यामुळे त्यांना पुलापेक्षा पुलाखालून काय जातंय यातच रस. पियर ४५ वर ‘यूएसएस पॅम्पॅनिटो’ दिसली आणि मामा थबकले. मामी म्हणाल्या, “झालं! आता संध्याकाळ इथेच.” गुडघ्यांचं कारण सांगून त्या वर धक्क्यावरच बसल्या, आणि शहाणपणच केलं. आत एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायचं तर आधी पाय, मग वाकून डोकं, असं स्वतःला त्या लोखंडी भोकातून घालावं लागतं.

पाणबुडी १९४३ सालची, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन. लांबी ९५ मीटर, आत ऐंशीच्या आसपास माणसं. टॉर्पेडोच्या, म्हणजे पाणतीरांच्या, खोलीत टॉर्पेडोच्या वरखाली झोपायचे बंक आहेत. म्हणजे उशाला दीड टनाचा टॉर्पेडो घेऊन झोपायचं. मामांना त्याचं काही नाही. ते एकेका व्हॉल्व्हपाशी उभे राहून पाइप कुठून येतो, कुठे जातो हे बोटाने हवेत काढत होते. “अगं, पितळ बघ कसं राखलंय,” हे तीनदा झालं. राखतात ते इथले स्वयंसेवक.

मामांचा खरा जीव रमला तो टॉर्पेडोच्या भानगडीत. अमेरिका युद्धात उतरल्यावर पहिली जवळजवळ दोन वर्षं तिचा मार्क १४ टॉर्पेडो धड चालतच नव्हता. ठरल्यापेक्षा खोल जायचा, कधी आधीच फुटायचा, कधी फुटायचाच नाही. जुलै १९४३ मध्ये ‘टिनोसा’ पाणबुडीने एका भल्यामोठ्या जपानी जहाजाला थांबवून त्यावर १५ टॉर्पेडो सोडले. त्यातले ११ जाऊन आदळले आणि मुकाट बुडाले. कप्तानाने शेवटचा एक जपून ठेवला आणि तपासायला पर्ल हार्बरला परत आणला. तिथे लोकांनी हवाईतल्या एका कड्यावर टॉर्पेडो झाडून पाहिले, क्रेनने उंचावरून पोलादावर टाकून पाहिले. तेव्हा कळलं की अगदी काटकोनात, म्हणजे नेम अचूक बसला की, आतली स्फोट घडवणारी फायरिंग पिन धक्क्याने वाकते. तिरका लागला तर फुटतो! मामा खोखो हसले. “डिझाइनवाल्यांनी ऐकलं नसणार. खालचे ओरडत असतील आणि वरचे म्हणत असतील, तुमचा नेम चुकतोय.” अगदी तसंच झालं होतं.

पण ‘पॅम्पॅनिटो’ची कहाणी वेगळी आहे, आणि मागच्या टॉर्पेडो खोलीत पोचलो की ती अंगावर येते. सप्टेंबर १९४४ मध्ये ‘ग्राउलर’, ‘सीलायन’ आणि ही, अशा तीन पाणबुड्या दक्षिण चिनी समुद्रात टपून होत्या. सिंगापूरहून जपानला निघालेला ताफा त्यांनी गाठला. १२ तारखेला पहाटे ‘सीलायन’ने ‘राकुयो मारू’ला टॉर्पेडो मारले, रात्री ‘पॅम्पॅनिटो’ने ‘काचिदोकी मारू’ बुडवली. हिशेबाला दोन मोठी जहाजं, शाबासकी पक्की. पाणबुडीतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं की या दोन जहाजांत मिळून दोन हजारांहून जास्त ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी कोंबलेले होते. जपान्यांनी कैद्यांना राबवून बांधलेल्या सयाम-बर्मा रेल्वेच्या कामातून जगलेवाचलेले. जहाजांवर कैद्यांची कसलीही खूण नव्हती. आणि ‘काचिदोकी मारू’ हे मुळात अमेरिकेत बांधलेलं, ‘प्रेसिडेंट हॅरिसन’ नावाचं अमेरिकन जहाज. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी चीनच्या किनाऱ्यावर ते पकडलं होतं.

तीन दिवसांनी, १५ तारखेला, ‘पॅम्पॅनिटो’ पुन्हा त्याच पाण्यात आली तेव्हा फळकुटांना धरून तरंगणारी, तेलाने काळी झालेली माणसं दिसली. जपानी असतील म्हणून खलाशी बंदुका घेऊनच वर आले. पाण्यातून इंग्रजी हाका आल्या. मग शत्रूच्या मुलखात, भर दिवसा, पाणबुडी उघडी ठेवून तासन् तास माणसं वेचली. खलाशी दोर घेऊन स्वतः पाण्यात उतरले. पाणबुडीची सगळी मदार लपण्यावर. वरून एक विमान आलं असतं तर बुडी मारायला मिनिटभरही हातात नव्हता, आणि डेकवर तर हाडांचे सापळे पडलेले. अंधार पडेपर्यंत ७३ जण आत घेतले. एकाने वाटेत प्राण सोडला, बाकीचे अमेरिकेच्या ताब्यातल्या सायपान बेटावर पोचले. ‘सीलायन’ने ५४ उचलले. मदतीला धावलेल्या ‘क्वीनफिश’ आणि ‘बार्ब’ने आणखी ३२. एकूण १५९. हजाराहून जास्त गेले.

ज्या पाणबुडीत ऐंशी माणसांना कूस बदलायला जागा नाही, तिथे हे ७३ कुठे ठेवले असतील? मामांनी मागच्या खोलीतल्या टॉर्पेडोच्या रॅकवर नजर टाकली आणि म्हणाले, “इथेच. दुसरीकडे जागाच नाही.” बहुतेकांना खरोखर तिथेच ठेवलं होतं.

त्या ‘बार्ब’चा कप्तान यूजीन फ्लकी इथल्या पाणबुडीवेड्यांचा लाडका. जुलै १९४५ मध्ये त्याने आपली आठ माणसं रबरी होड्यांतून रात्री काराफुतोच्या, म्हणजे आजच्या रशियातल्या दक्षिण साखालिनच्या, किनाऱ्यावर उतरवली. त्यांनी रुळांखाली सुरुंग पुरला आणि आगगाडी उडवून परत आले. पाणबुडीने रेल्वे उडवली! ‘बार्ब’च्या विजयध्वजावर बुडवलेल्या जहाजांसोबत एक इंजिनही आहे. गोष्ट मजेदार आहे, मीही सगळ्या पाहुण्यांना सांगते.

मात्र एक गोष्ट कोणी सांगत नाही. पुढच्या आठवड्यात मामा-मामींना घेऊन फेरीबोटीने व्हॅलेहोला गेले. समोर मेअर आयलंड, जुनं नौदलाचं शिपयार्ड, १९९६ साली बंद झालेलं. क्रेन अजून उभ्या आहेत. इथेच ‘वाहू’ बांधली गेली. तिचा कप्तान डडली मॉर्टन म्हणजे धाडसाचा पुतळा. जानेवारी १९४३ मध्ये न्यू गिनीतल्या वेवाक बंदरात तो शिरला तेव्हा त्याच्याकडे बंदराचा धड नकाशासुद्धा नव्हता. एका खलाशाने ऑस्ट्रेलियात घेतलेला शाळकरी अॅटलास होता, त्यातलं ठिपक्याएवढं बंदर मोठं करून काढून घेतलं. आत एक विनाशिका अंगावर चालून आली, तर मॉर्टनने समोरूनच तिच्या नाकाडावर टॉर्पेडो मारला. हे सगळं खरं आणि थरारक.

दोनच दिवसांनी, २६ जानेवारीला, त्याने ‘बुयो मारू’ बुडवलं. पाण्यात माणसं, होड्या. मॉर्टनने पाणबुडी वर आणली आणि तोफा-मशीनगनने होड्यांवर मारा केला. त्याला वाटलं, जपानी सैनिक आहेत; ते किनाऱ्याला लागले तर पुन्हा लढतील. प्रत्यक्षात जहाजावर १६ व्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे जवळपास पाचशे युद्धकैदी होते. हिंदुस्थानी शिपाई. त्यातले १९५ मेले, शिवाय ८७ जपानी. मॉर्टनला त्या मोहिमेबद्दल नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. होड्यांवर मारा केल्याचं त्याने अहवालात लपवलं नव्हतं, कोणी जाबही विचारला नाही.

तो राक्षस होता असं मला म्हणायचं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानच्या उत्तरेकडच्या ला पेरूज सामुद्रधुनीत ‘वाहू’ त्याच्यासह सगळ्यांसकट बुडाली. सांगाडा सापडला २००६ मध्ये. पण कैद्यांची खूण नसलेलं जहाज बुडवणं एक आणि बुडणाऱ्यांवर गोळ्या झाडणं दुसरं. समोर कोण आहे हे ‘पॅम्पॅनिटो’च्या डेकवरच्या पोरांनाही माहीत नव्हतं, बंदुका त्यांच्याही हातात होत्या. मला विचाराल तर पॅसिफिकमधल्या पाणबुडी-पराक्रमात त्या दुपारचा नंबर आगगाडीच्याही वर लावावा.

मामा काठाला टेकून सगळं ऐकत होते. म्हणाले, “पंजाब रेजिमेंटवाल्यांच्या घरी काय कळवलं असेल गं?” मला उत्तर माहीत नव्हतं.

इकडे आलात तर ‘पॅम्पॅनिटो’ला सकाळी लवकर जा, दुपारी शाळांच्या सहली येतात. साडी किंवा लांब ड्रेस नको, उभ्या शिड्या आहेत. पाणबुडी अधूनमधून डागडुजीला जाते, तेव्हा आधी चौकशी करा. आणि व्हॅलेहोची फेरी घ्याच, तिकीट फार नाही आणि तासाभराचा खाडीचा प्रवास मामींनासुद्धा आवडला.