तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी गेली तेव्हा धीर कोणी दिला?

"नोकरी गेली तेव्हा तुला धीर कोणी दिला गं?" हा प्रश्न मला सारखा येतो, आणि विचारणारे बहुतेकदा असे असतात की ज्यांची स्वतःची नोकरी नुकतीच गेलीये किंवा जाणार असं त्यांना आतून कळलेलं असतं, त्यामुळे थट्टेवारी पण नेता येत नाही. मग मी काहीतरी दोन वाक्यं बोलून वेळ मारून नेते. कारण खरं उत्तर द्यायचं तर इलेक्ट्रिक मोटारच्या वाइंडिंगपासून सुरुवात करावी लागते, आणि तोवर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा झालेला असतो. तर आता एकदाच बैजवार लिहून टाकते.

मी अकाउंट्समध्ये होते. बँकेची एंट्री आणि आपल्या पुस्तकातली एंट्री जुळवायची, नाही जुळली तर का नाही ते शोधायचं, हे माझं काम, आणि मला ते मनापासून आवडायचं (हो, असे लोक असतात). मग नवीन सिस्टीम आली, आमचं अख्खं सेक्शनच गुंडाळलं गेलं. वाईट कोणी वागलं नाही, पैसे वेळेवर दिले, निरोपसमारंभ पण झाला. पण घरी बसल्यावर जो तो यायचा आणि "जे होतं ते चांगल्यासाठीच" म्हणून जायचा, आणि मला वाटायचं की अरे, कोणाच्या चांगल्यासाठी? एकजण म्हणाले, आता तुला स्वतःसाठी वेळ मिळेल. वेळ तर इतका होता की त्याचं काय करायचं तेच कळेना, सकाळी वर्तमानपत्र उघडलेलं दुपारी तसंच मांडीवर असायचं.

अशात एकदा स्टेशनवर गाडी लेट झाली. किती लेट ते सांगतच नव्हते, अनाउन्समेंटला नुसती खरखर. बाकावर शेजारी एक काका बसले होते, मांडीवर हॉस्पिटलच्या रिपोर्टची प्लास्टिकची फाइल, आणि उजव्या हातात तांब्याच्या बारीक तारेचा एक गुंता. ती तार ते अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये धरून सरळ करत होते. खूप हळू. थोडी सरळ झाली की बोटं सैल पडायची, तार सुटायची, ते परत पकडायचे. चिडणं नाही, उसासा नाही. डावा हात अगदी धडधाकट दिसत होता पण तो त्यांनी मुद्दाम मांडीखाली दाबून ठेवला होता, आणि तेच बघून माझ्याच्याने राहवेना. मी विचारलं, काका, डाव्या हाताने पटकन होईल ना?

"होईल की. म्हणून तर त्याला बसवून ठेवलाय ताई," म्हणाले.

मग कळलं. त्यांना पॅरालिसिसचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, बरीचशी परत आली पण हात मागे राहिला. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी चांगल्या हाताला मोजा घालून ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे झक मारत आजारी हाताला काम करावं लागतं. ही खरंच एक उपचारपद्धत आहे, एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती पुढे आणली. त्याचं म्हणणं असं की झटक्यानंतर हात न वापरायची सवयच लागते, आणि हाताची ताकद गेल्याने जेवढं अडतं त्यात या सवयीची भर पडते. सगळ्यांना ती चालत नाही, हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असावी लागते. काकांच्या हातात होती.

आणि काकांचा धंदा काय, तर मोटार रिवाइंडिंग. म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून तिथे नवीन गुंडाळून भरायची. म्हणजे उजव्या हाताची दहा बारीक बारीक कामं, आणि नेमका तोच गेला.

मी आपलं "अरेरे" वगैरे म्हटलं असणार, पण त्यांना त्यात रस नव्हता. त्यांना कामाबद्दल बोलायचं होतं. म्हणाले, लोकांना वाटतं जळालेली कॉइल म्हणजे कचरा, काढा नि फेका. पण ती काढतानाच सगळी माहिती मिळते. स्लॉट, म्हणजे तार बसवायच्या लोखंडातल्या खाचा, किती, कॉइल कितव्या स्लॉटमधून निघून कितव्यात गेलीये, तार कुठल्या गेजची, म्हणजे किती जाड, आणि एका कॉइलमध्ये टर्न, म्हणजे वेढे, किती. हा डेटा आधी लिहून घ्यायचा, काळ्या पडलेल्या, वास येणाऱ्या तारा एकेक करून मोजायच्या. घाईने कापून फेकल्या की संपलं, मग अंदाजाने भरा. आणि टर्न चुकले की मोटार फिरेल कदाचित, पण गरम होईल, परत जळेल.

मी विचारलं, मग सगळ्यात नाजूक काम कुठलं? तर म्हणाले, तार स्लॉटमध्ये बसवणं. तारेवर वीज अडवणारा इनॅमलचा पातळ थर असतो, स्लॉटच्या लोखंडी काठाला घासला तर खरवडला जातो, डोळ्याला दिसत पण नाही, वरून सगळं मस्त चकाचक, व्हार्निश मारून सुकवून गिऱ्हाइकाला दिलं की तिथेच शॉर्ट होणार. म्हणून स्लॉटमध्ये आधी कागद घालायचा. तर झटक्यानंतर दुकानात गेल्यावर पहिलं काम त्यांनी कुठलं केलं, तर तो कागद कापून दुमडायचं. तेवढंच जमत होतं. कॉइल हाताखालचा पोरगा भरायचा आणि काका स्टुलावर बसून टर्न मोजायचे, "मोजायला तोंड पुरतं." मग कधीतरी तार स्लॉटमधून बाहेर येऊ नये म्हणून मारायची पाचर ठोकायला लागले, मग जोडण्या. बारीक तारेची कॉइल अजून जमत नाही, ती पोरगाच करतो, आणि माझ्यापेक्षा चांगली करतो, असं ते म्हणाले, आणि हे सांगताना जरा हसले पण ते हसणं पूर्ण आनंदाचं नव्हतं, हेही सांगायला हवं.

कारण मला या गोष्टीचं जिद्दीचं पोस्टर करायचं नाहीये. ते स्वतःच म्हणाले की घरी आल्यावर कित्येक महिने मी दुकानाकडे फिरकलोच नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचो. पण पोरगा रोज सकाळी किल्ली मागायला यायचा. किल्ली त्याच्याकडेच ठेव म्हणून सांगितलं तरी ऐकेना, रोज संध्याकाळी परत आणून द्यायचा, रोज सकाळी मागायला यायचा, आणि किल्ली घेताना विचारायचा, काका, अमुक मोटारला असं असं झालंय, काय करू? "त्याला सगळं येत होतं ताई. मला नंतर कळलं."

मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हटलं काही नाही, नोकरी गेली. ते म्हणाले ते कळलं, पण काम काय? आणि मी सांगायला लागले तर त्यांनी मध्येच अडवून विचारलं, जुळलं नाही तर नेमकं शोधता कसं? हे मला आजवर कोणीच विचारलं नव्हतं, नवऱ्याने पण नाही! मी म्हटलं, आधी फरकाला नऊने भाग जातो का बघायचं. जात असेल तर बहुतेक कोणीतरी दोन आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत, त्यातला फरक नेहमी नऊच्या पाढ्यातच येतो. नाही गेला तर फरकाचं निम्मं करायचं आणि तेवढ्या रकमेची एंट्री शोधायची, ती नावेऐवजी जमेला पडलेली असू शकते. काकांनी तार खाली ठेवली. फाइलच्या पाकिटावर बोटाने आकडे लिहून बघितले, ७२ चे २७, ९१ चे १९. "अरे वा," म्हणाले. "हे भारीये. म्हणजे चूकच सांगते कुठे बघायचं."

गाडी आली, गर्दीत ते पुढच्या डब्यात चढले. बास. सल्ला नाही, उपदेश नाही, "हिंमत सोडू नका" तर अजिबातच नाही. पण खूप दिवसांनी मी माझ्या कामाबद्दल बोलले होते, गेलेल्या नोकरीबद्दल नाही. नोकरी कंपनीची होती, ती गेली. नऊची खूण माझ्याकडेच होती की.

नंतर वाचताना मारिएनथाल सापडलं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळचं छोटं गाव, गावातली कापड गिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी तिथे जाऊन अभ्यास केला, १९३३ मध्ये तो छापला. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांचा आकडा जवळपास निम्म्याने घसरला होता, वर्गणी माफ केली तरी. रस्त्यावर पुरुष हळू चालायचे, उगाच थांबायचे. बायका तेवढ्या थांबत नव्हत्या, कारण त्यांचं घरातलं काम कुठे बंद पडलं होतं! दिवसभर काय केलं ते लिहायला सांगितलं तर पुरुषांना सांगण्यासारखं फार काही आठवेना. हे वाचलं आणि मांडीवरचं ते वर्तमानपत्र आठवलं. मला आळशी म्हणणाऱ्यांना हे वाचून दाखवायची फार इच्छा झाली होती, दाखवलं नाही.

त्या किल्लीवाल्या पोराचं काय? तर एमी वर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास सहकाऱ्यांबरोबर चाळिशीपर्यंत केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा सगळ्या अडचणीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, धड मोठी झाली. त्यामागे बऱ्याच गोष्टी होत्या, स्वभाव होता, पण एक गोष्ट ठळक होती की त्यांना धरून असणारं, भरवशाचं निदान एक माणूस होतं. आणि उरलेल्यांपैकी कितीतरी जण पौगंडावस्थेत घसरले तरी तिशी-चाळिशीत सावरले. म्हणून "तो बघ कसा उभा राहिला, तू का नाही" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्याच्या दारात रोज सकाळी कोण येत होतं ते आधी विचारा.

आता पुढचा प्रश्न, नवीन काम कसं मिळालं. काकांमुळे नाही, सिनेमा नाहीये हा. स्टेशनवरून आल्यावर मी हिशोब शोधायच्या अशा सगळ्या खुणा एका वहीत लिहून काढल्या, कारण नसताना, आणि मग त्यातलं काहीबाही ओळखीच्यांना सांगत सुटले. त्यातून फिरत फिरत एका जुन्या सहकारी बाईंपर्यंत गेलं, ज्यांच्याशी माझं बोलणं कधीच बंद झालं होतं, भांडण नाही, असंच. त्यांच्या ओळखीत कोणाला तरी माणूस हवं होतं. यातही नवल नाही म्हणा, मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवलंय की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती आणि पावेक लोकांना तर क्वचितच भेटणाऱ्याकडून. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. तेव्हा शोधत असाल तर जिवलगांना पिडण्यापेक्षा ते अर्धवट विसरलेले नंबर लावा, लाज वाटते, पण लावा.

आणि हो, त्या काकांचा नंबर घेतला का, हे तर हमखास विचारतात. नाही घेतला, आणि नाव पण विचारलं नाही. गेओर्ग झिमेल नावाच्या जर्मन विचारवंताने १९०८ मध्येच लिहून ठेवलंय की जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी लोक परक्या माणसापाशी मोकळेपणाने बोलतात. भिंतीकडे तोंड करून पडायचो हे काका घरच्यांना बोलले असतील असं मला वाटत नाही. नंबर घेतला असता तर आता रोज सकाळी एकमेकांना गुलाबाच्या फुलाचे गुड मॉर्निंग पाठवत बसलो असतो.