जाहिरातीसाठी शब्द निवडताना

मी पुण्यात राहून मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करते. कामे अनेक वर्षे ओळखीतूनच येत असत. परंतु नियमित काम देणाऱ्या दोन कार्यालयांनी एकाच वर्षी हात आखडता घेतला, तेव्हा गूगलवर जाहिरात देण्याचे मी ठरवले आणि दिवसाला ३०० रुपयांची मर्यादा घातली. गूगल एखाद्या दिवशी या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते, मात्र महिन्याचा खर्च तिच्या ३०.४ पटींच्या पुढे जात नाही, म्हणजे माझ्या बाबतीत ९,१२० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. माझी जीएसटी नोंदणी नसल्यामुळे हा कर परत मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरावा लागतो. लहान व्यावसायिकाने हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

पहिल्या महिन्यात क्लिक भरपूर आले, काम एकही आले नाही. मी ‘मराठी भाषांतर’ हा कीवर्ड, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दिसावी तो शब्द, ब्रॉड मॅचमध्ये ठेवला होता; त्यात आसपासच्या अर्थाच्या शोधांवरही जाहिरात दिसते. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केले होते, ते सर्च टर्म्सच्या अहवालात वाचल्यावर कारण उमगले: कोणाला फुकट भाषांतर करणारे अ‍ॅप हवे होते, कोणाला शाळेच्या धड्याचा अर्थ, तर कोणाला भाषांतरकाराची नोकरी. ती माणसे चुकली नव्हती. मीच शब्द इतका सैल निवडला होता की त्यात सगळेच मावत होते, आणि त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे मी भरत होते.

मग मी ग्राहकाच्या हातातला कागद डोळ्यांसमोर आणला. व्हिसासाठी जन्मदाखला लागणारा माणूस ‘भाषांतर’ शोधत नाही, तो ‘मराठी जन्मदाखला इंग्रजीत’ शोधतो. सातबारा, फेरफार, मृत्युपत्र, विवाह नोंदणीचा दाखला अशा कागदांच्या नावांवर मी फ्रेज आणि एक्झॅक्ट मॅचचे, म्हणजे शोधाशी अधिक काटेकोर जुळावे लागणारे, कीवर्ड तयार केले; ‘फ्री’, ‘अ‍ॅप’, ‘नोकरी’, ‘अर्थ’ हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकले, म्हणजे ते असलेल्या शोधांवर जाहिरात दिसणार नाही. क्लिक खूपच कमी झाले, पण फोन येऊ लागले, आणि ते बहुधा कागद हातात घेऊन बसलेल्या माणसांचे होते.

जाहिरातीतून उघडणारे पानही मी बदलले. कोणाची जाहिरात दाखवायची हे गूगल प्रत्येक शोधाच्या वेळी लिलावाने ठरवते, पण त्यात फक्त बोलीची, म्हणजे क्लिकसाठी देऊ केलेली, रक्कम पाहिली जात नाही. शोध, जाहिरात आणि पान यांचा मेळही पाहिला जातो. माझ्या पानावर पूर्वी माझा परिचय होता; आता प्रत्येक कागदाचा दर, लागणारे दिवस आणि फोन नंबर आहे. इन्स्टाग्रामवरही प्रयत्न केला, पण फोटो पाहत बसलेल्या माणसाला त्या क्षणी फेरफाराचे भाषांतर नको असते. छायाचित्रकाराचा अनुभव कदाचित निराळा असेल.

जाहिरात मी फक्त सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत ठेवते, कारण त्यानंतरचा फोन मी उचलू शकत नाही, आणि न उचललेल्या फोनचेही पैसे गेलेलेच असतात. मोठे काम हाती असेल, तर ती पूर्ण थांबवते. सर्च टर्म्सचा अहवाल मात्र दर सोमवारी चहा घेता घेता वाचते. गेल्या आठवड्यात त्यात ‘खरेदीखत इंग्रजीत’ असा शोध तीनदा दिसला, आणि त्या कागदाचा दर मी त्याच दुपारी पानावर घातला.