स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे

बडोद्यातल्या मराठी घरात एकाच संगणकावरून मुंजीची पत्रिका मराठीत निघते आणि सोसायटीची नोटीस गुजरातीत. त्यामुळे कुठला कीबोर्ड (म्हणजे कळांवरची अक्षरांची मांडणी) शिकावा, हा प्रश्न इथे पुण्यापेक्षा थोडा वेगळा पडतो. स्थळं तीन सांगून येतात: फोनेटिक, रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट.

फोनेटिक दिसायला गोड. रोमन अक्षरं मारा, देवनागरी उमटते. शिकायचं काही नाही. पण न-ण आणि ल-ळ यांची रोमनमध्ये गल्लत होते, म्हणून सुचवलेल्या शब्दांतून निवडत बसावं लागतं. नजर हस्तलिखितावरून उठते आणि वेग तिथेच मरतो. चार ओळींच्या निरोपाला ठीक, चाळीस पानी स्मरणिकेला नाही.

रेमिंग्टन ही टाइपरायटरची सवय. हात बसलेला असेल तर उगाच मोडू नये. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, कारण कागदावर ती आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये क्रम उच्चाराचा: आधी ण, मग वेलांटी. जुना हात तिथे आला की ‘आणि’चं ‘आिण’ होतं.

इनस्क्रिप्ट 1986 सालचं. 1991 च्या भारतीय मानकात ते आलं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. के वर क, शिफ्ट दाबून ख. आय वर ग, शिफ्टने घ. एफ वर पहिली वेलांटी, शिफ्टने इ. आणि बडोदेकरांसाठी खरी गंमत पुढेच आहे: गुजरातीतही याच कळा. शिफ्ट-एन मारलं की दोन्हीकडे ळ. फक्त ‘पायऱ्या’मधला शिफ्ट-जे वरचा ऱ गुजरातीला लागत नाही. एकदा बोटं बसली की दुसरी लिपी फुकट.

सुरुवात मधल्या ओळीपासून करावी. ए, एस, डी, एफ, जी वर अनुक्रमे ओकार, एकार, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), पहिली वेलांटी, पहिला उकार. एच, जे, के, एल वर प, र, क, त आणि शेजारी च. एवढ्यावर ‘चित्रे’, ‘कुत्रे’ मधली ओळ न सोडता होतात. कळांवर स्टिकर चिकटवू नका. नजर कायमची खाली राहते. विंडोज-कंट्रोल-ओ दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो, तो पाहावा.

जोडाक्षर म्हणजे मध्ये हलन्त, बस्स. मराठी वाङ्मय परिषदेच्या नावातलं ‘वाङ्मय’ घ्या: बी, ई, शिफ्ट-यू, डी, सी, स्लॅश. शिफ्ट-यू वरचा ङ माहीत नसला की लोक ड लिहून शेजारी टिंब ठेवतात आणि मग शोधताना तो शब्द सापडत नाही.

दोषही आहेत. च, ट, ड, य हे सगळे उजव्या करंगळीच्या गळ्यात, आणि मराठीत य काही कमी येत नाही. लॅपटॉपच्या चिंचोळ्या कळांवर करंगळी दुखते. शिवाय य स्लॅशच्या कळेवर बसल्यामुळे बऱ्याच संगणकांवर प्रश्नचिन्हासाठी विंडोज-स्पेसबार दाबून इंग्रजीत जावं लागतं, आणि परतायचं विसरलं की पुढची अख्खी ओळ रोमनमध्ये.

फोनवर मात्र हा सगळा हिशोब रद्द. तिथे दोनच अंगठे. फोनेटिक खुशाल वापरा.