तीन कळ्यांतली एक

रविवार, रात्री

आज सकाळी सहकारनगरला आईच्या ऑफिसातल्या एका काकांकडे गेले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी सगळी गच्ची डेलियाला दिली आहे, एवढं ऐकून होते. वर पोचले तर स्वागत झालं ते ‘पाइपवर पाय देऊ नकोस’ असं.

फुलांचं वर्णन करत बसत नाही. एक फिकट पिवळं फूल काकांनी टेपने मोजून दाखवलं, दहा इंच भरलं. शेजारच्या रांगेत पाँपॉन जातीची घट्ट, गोलमटोल फुलं, दोन इंचांच्या आतली. दोन्ही डेलियाच! वास मात्र कशालाच नाही.

मला खरं बघायला मिळालं ते खुडणं. रोप वीतभर झालं की आधी शेंडा जातो, म्हणजे फांद्या फुटतात. मग त्यातल्याही मोजक्याच ठेवायच्या. पुढे फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात. मधली राखायची, बाजूच्या दोन नखाने उडवायच्या. काका बोलता बोलता हे करत होते, खाली बघतही नव्हते. पायाशी हिरव्या कळ्यांचा सडा. मी म्हटलं, ‘तीन फुलं मिळाली असती की.’ ‘मिळाली असती, पण प्रदर्शनात कोणी ढुंकून बघितलं नसतं.’ एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जवळ आलंय. मला हे काही मनापासून पटलेलं नाही. माझ्या हाताने तिन्ही कळ्या राहिल्या असत्या आणि फुलं बेताचीच आली असती.

एका कुंडीतल्या पानांवर पिवळट चट्टे होते. मोझॅक, म्हणजे विषाणू. कंदासकट पूर्ण रोप पिशवीत, पिशवी कचऱ्यात. औषध नाही, दयामाया नाही. ब्लेडही ज्योतीवर धरून मगच पुढच्या रोपाला.

कुंड्यांवरच्या पाट्यांत रामकृष्ण मिशनच्या स्वामी विनयानंदांनी तयार केलेल्या जातीही आहेत. पाटी हरवली तर काका दोन दिवस जेवत नाहीत, असं काकू सांगत होत्या. पण त्याला कारण आहे. डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे बी पेरलं तर आईसारखं रोप येईल याचा काही भरवसा नाही. जात टिकवायची तर कंद जपायचा नाहीतर कोवळ्या फुटव्याची कलमं करायची. कंदालाही डोळा असतो फक्त मानेशी. मान मोडली की कितीही जाडजूड कंद असो, फुटत नाही. इंटरनेटवर निळ्या डेलियाचं बी विकणाऱ्यांवर काका जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. निळा डेलिया जगात कुठेच नाही.

मूळ मेक्सिकोच्या डोंगरांतलं हे झाड. १९६३पासून ते त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. माद्रिदच्या बागेत काव्हानिय्येस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ साली त्याला नाव दिलं ते आंद्रेआस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं, आणि डाल तर १७८९ सालीच वारलेला. हे सांगताना काकांचा चेहरा असा झाला, जणू घरातलंच कोणी गेलंय.

पुण्यात याचं सगळं हिवाळ्यापुरतं. उन्हं तापली की झाडं वाळतात, कंद काढून कोरड्या वाळूत ठेवायचे, पावसाळ्यात ते फुटू लागले की सप्टेंबरच्या सुमाराला कलमं. मी एखादं रोप मागितलं तर ‘सप्टेंबरात ये’ म्हणाले. आत्ता फुललेलं झाड देणार नाहीत, हे आईने आधीच बजावलं होतं.

काकूंची तक्रार वेगळीच. त्यांचे पापड-कुरडया वाळायचे दिवस आणि ह्यांचे कंद सुकवायचे दिवस एकच. मेक्सिकोत पूर्वी लोक हे कंद खात असत, असं काका म्हणाले, तर काकूंनी लगेच विचारलं, ‘उपासाला चालतात का?’ काका बराच वेळ त्यांच्याशी बोलले नाहीत.