शर्ट शिवला आणि घोड्याचं मांस घेतलं

काल साताऱ्यात दिवसभर पाऊस, त्यात लाईट गेलेली, मग मोबाईलवर मेरी रोलँडसनचं (अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीतली बाई) वाचत बसलो. १६७६ ला मॅसॅच्युसेट्समधल्या लँकेस्टरवर तिथल्या मूळ रहिवाशांनी हल्ला केला आणि हिला धरून नेलं, सहा वर्षांची जखमी पोरगी थोड्याच दिवसांत गेली बिचारी. अकरा आठवडे कैद, पण बाई मोजे विणून पोट भरायची, मेटाकॉमच्या (मूळ रहिवाशांचा सरदार) पोराला शर्ट शिवला तर त्याने चक्क एक शिलिंग दिला, तिला कैदेत ठेवणाऱ्या मालकानेही तो तिलाच ठेवू दिला आणि तिने त्याचं घोड्याचं मांस घेतलं! आई (ब्लाऊज शिवते) म्हणाली, "म्हणजे शिवण तिथंबी कामाला आली की." शेवटी २० पौंड देऊन सोडवली.

मला मात्र युनिस विल्यम्स जास्त लक्षात राहिली. हीसुद्धा तशीच इंग्रज पोरगी, १७०४ ला सातव्या वर्षी धरून नेली, इंग्रजी विसरली, मोहॉक (मूळ रहिवाशांची एक जमात) नवरा केला, बाप न्यायला गेला तरी आली नाही. आईला सांगितलं तर म्हणे, "मग ते सासरच झालं की तिचं."